कृष्णविवर उजळलं की आपला हिशेब चुकला? रेडिओ तेजातले बदल मोजताना या चुका टाळा

जुलैतला रविवार होता. बाणेरच्या बाजूला सकाळपासून पावसाची झड लागलेली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी आला, रेनकोट दारातच टाकला आणि बसायच्या आधीच स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"ताई, हे बघा. तिसऱ्या रात्री अठरा टक्के वर गेलंय."

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातला जुना डेटा होता. लक्ष्य सॅजिटेरियस ए-स्टार, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर. चार रात्रींचे चार ठिपके, त्यातला तिसरा ठळकपणे वर. मी विचारलं, "फेज कॅलिब्रेटरचा असाच आलेख कुठाय?"

"तो नाही काढला. तो तर कॅलिब्रेटरच आहे ना?"

कॅलिब्रेटर म्हणजे ज्याच्याशी तुलना करून दुर्बिणीचं माप जुळवतात तो आकाशातला स्रोत. मुख्य कॅलिब्रेटर तेजाचं माप ठरवतो, फेज कॅलिब्रेटर लहरींची कला सांभाळतो. त्याचा आलेख काढायला पाच मिनिटं लागली. तिसऱ्या रात्री कॅलिब्रेटरही अठरा टक्के वर होता. आकाशात दूर दूर असलेल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन वस्तू एकाच रात्री एकाच प्रमाणात उजळत नाहीत. मग आम्ही मूळ नोंदी उघडल्या. त्या रात्री मुख्य कॅलिब्रेटरच्या दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये पहिली दीड मिनिटं अँटेना अजून वळतच होत्या. त्या दीड मिनिटांत सिग्नल जवळपास शून्य. ती मिनिटं कापून टाकायची राहिली होती. दहा मिनिटांची सरासरी त्यामुळे ०.८५ पट आली. प्रोग्रामला वाटलं, दुर्बीण आज मंद ऐकतेय, म्हणून त्याने सगळ्याच आकड्यांना १ भागिले ०.८५ ने, म्हणजे सुमारे १.१८ ने गुणलं. त्याचे अठरा टक्के तिथून आले होते.

मुलाचा चेहरा पडला, ते साहजिक आहे. पण ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे आणि तिच्या बहिणीही इतक्या आहेत, की त्या एकदा सविस्तर लिहाव्यात असं वाटलं. पुण्यात राहणाऱ्याला हा विषय हाताशी आहे. गणेशखिंडीत एनसीआरए आणि आयुका या खगोलसंस्था, आणि नाशिक रस्त्याने ८० किलोमीटरवर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, १६ तीन लांब हातांवर, आणि दोन टोकांमधलं सर्वांत मोठं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. जुना डेटा कुणालाही मिळतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि उत्साहाला तर आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. तेव्हा चुकाही इथेच होणार.

आधी वस्तूची ओळख नीट हवी

सॅजिटेरियस ए-स्टारचा रेडिओ ठिपका ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना १९७४ साली अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणींनी सापडला. वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं, अंतर २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं. या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेची, त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या थोडी वर भरते, प्रकाशाला ती ओलांडायला ४० सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे क्षितिजालगत खरंच काही घडलं, तर ते मिनिटांत बदलू शकतं. एम-८७ आकाशगंगेतलं कृष्णविवर याच्या दीड हजार पट जड आहे. तिथे तीच घडामोड दिवसांच्या हिशेबाने होते. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने, म्हणजे जगभरच्या दुर्बिणींच्या जाळ्याने, दोन्हींची निरीक्षणं एप्रिल २०१७ मध्येच घेतली होती. एम-८७ चं चित्र २०१९ साली आलं आणि आपल्या शेजारच्याचं २०२२ साली. निरीक्षण चालू असतानाच बदलत राहणाऱ्या वस्तूचं चित्र काढणं फार अवघड गेलं, हे या उशिराचं एक मोठं कारण.

पण ते काम १.३ मिलिमीटर तरंगलांबीवरचं. जीएमआरटी काम करते साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे २१ सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंतच्या तरंगांवर. तिथे आपल्याला क्षितिज दिसत नाही, त्याच्या कितीतरी बाहेरचा, रेडिओ लहरींना अपारदर्शक असलेला वायू दिसतो. त्यामुळे "मिनिटांत बदलतं असं वाचलंय" म्हणून ६१० मेगाहर्ट्झवर मिनिटामिनिटाचे चढउतार शोधत बसणं ही पहिलीच चूक. तिथे असा चढउतार दिसला, तर तो आपल्या बाजूचा आहे असं धरूनच पुढे जा.

कॅलिब्रेटरवर आंधळा विश्वास

रेडिओ दुर्बीण जे मोजते ते जान्स्कीत, म्हणजे रेडिओ तेजाच्या एककात, आपोआप मिळत नाही. ज्याचं तेज माहीत आहे अशा वस्तूशी तुलना करून ते काढावं लागतं. भाजीवाल्याचं वजन खोटं निघालं, तर त्या दिवसाची सगळी भाजी खोट्या वजनाची, तसंच हे.

३सी २८६ हा कॅलिब्रेटर त्यातला सर्वांत भरवशाचा. १.४ गिगाहर्ट्झवर तो सुमारे १५ जान्स्की असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण यादीतले सगळेच असे नाहीत. ३सी ४८ आणि ३सी १३८ गेल्या काही वर्षांत, विशेषतः उच्च वारंवारतांवर, बदलताना आढळले आहेत. याहून मोठा सापळा म्हणजे एनआरएओ ५३०. आकाशगंगेच्या केंद्राच्या निरीक्षणांत तो कॅलिब्रेटर म्हणून सर्रास वापरला जातो. तो स्वतःच एक ब्लेझार आहे, म्हणजे दुसऱ्याच एका महाकाय कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेला. तो कलेची, म्हणजे लहरींच्या चढउताराच्या टप्प्याची (फेजची) दुरुस्ती करायला उत्तम आहे. त्याचं पाच वर्षांपूर्वीचं तेज कुठल्यातरी तक्त्यातून उचलून आज वापरलं, तर एका कृष्णविवराचा बदल दुसऱ्याच्या नावावर लागतो.

उपाय साधा आहे आणि तो टाळायला कुठलंच कारण नाही. प्रत्येक रात्री मुख्य कॅलिब्रेटरवरून फेज कॅलिब्रेटरचं तेज नव्याने काढा आणि लक्ष्याच्या आलेखाशेजारी त्याचाही आलेख ठेवा. चित्रात लक्ष्याच्या आसपास एखादा स्थिर ठिपका सापडला, तर त्याचाही. दोन्ही एकत्र हलले तर मापच हललं. लक्ष्य एकटंच हललं, तर पुढच्या शंकांकडे वळा.

आणि स्कॅनची सुरुवात कापा. प्रत्येक स्कॅनची. संग्रहातल्या डेटात ते काम आपोआप झालेलं असेलच असं धरू नका.

पार्श्वभूमीचं आकाश

ही चूक जीएमआरटीवर काम करणाऱ्याला खास भोवते. आकाशगंगेचं केंद्र कमी वारंवारतांवर स्वतःच प्रचंड उजळ असतं. रिसीव्हरमध्ये एक स्वयंचलित व्यवस्था असते, ती आत येणारी एकूण शक्ती ठरावीक पातळीवर धरून ठेवते. अँटेना काळ्या, थंड आकाशातल्या कॅलिब्रेटरकडे असते तेव्हा ती व्यवस्था एका जागी असते. अँटेना केंद्राकडे वळली की उजळ आकाशामुळे ती सिग्नलचं वर्धन (गेन) कमी करते, आणि आपलं लक्ष्य खऱ्यापेक्षा मंद भासतं. दोन्ही दिशांच्या आकाशाच्या तापमानाचा हिशेब करून ही दुरुस्ती हाताने करावी लागते.

इथे एक बारीक मुद्दा आहे. सगळ्या रात्री एकाच पद्धतीने घेतल्या असतील, तर ही चूक सगळ्या ठिपक्यांना सारखीच लागते आणि खोटा बदल तयार होत नाही. तो तयार होतो आपण आपला ठिपका दुसऱ्या दुर्बिणीच्या जुन्या आकड्याशेजारी ठेवतो तेव्हा, किंवा काही रात्री ती व्यवस्था चालू आणि काही रात्री बंद असेल तेव्हा. "२००० सालापासून तेज कमी झालंय" अशा थाटाचे निष्कर्ष मी याच कारणाने मोडताना पाहिले आहेत.

पृथ्वी फिरते, आणि आपल्यासोबत चित्रही

या चुकीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण ती समजली की निम्मं काम झालं.

सारसबागेत दिवाळीच्या पहाटे हजारो पणत्या लावतात. तुम्ही पर्वतीवर उभे आहात आणि तिथून एका ठरावीक पणतीची ज्योत किती फडफडते ते तुम्हाला मोजायचं आहे. नुसत्या डोळ्यांना सगळी बाग एकच पिवळी झळाळी दिसते. त्या झळाळीतून एक पणती वेगळी काढायला तुम्हाला चांगली दुर्बीण हवी.

सॅजिटेरियस ए-स्टारभोवती अशीच गर्दी आहे. त्याला वेढून सॅजिटेरियस ए वेस्ट हा आयनीभूत वायूचा चक्राकार पसारा आहे, मागे सॅजिटेरियस ए ईस्ट हे स्फोट झालेल्या ताऱ्याचं अवशेष-कवच, आणि त्याहूनही बाहेर पसरट उजेड. आपला ठिपका १.४ गिगाहर्ट्झवर अर्ध्या जान्स्कीच्या आसपास. भोवतालच्या पसाऱ्यापुढे तो किरकोळच. ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास तर ए वेस्टचा वायू मागचा उजेड शोषताना दिसतो. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी जीएमआरटीवरून ६२० मेगाहर्ट्झला हा ठिपका वेगळा ओळखून २००४ साली प्रसिद्ध केला, ती १ गिगाहर्ट्झच्या खाली या वस्तूची पहिली नोंद होती. काम सोपं असतं, तर ते खूप आधी झालं असतं.

आता अँटेनांच्या जोड्यांकडे या. दोन-दोन अँटेनांचे सिग्नल जुळवूनच चित्र तयार होतं. जवळजवळच्या जोड्या पसरट उजेड टिपतात, दूरच्या जोड्या बारीक ठिपका टिपतात. २१ सेंटिमीटरवर मधल्या चौकातल्या जोड्या पाच हजार तरंगलांबींच्याही आत असतात. लांब हातांच्या टोकांच्या जोड्या सव्वा लाखाजवळ जातात. पृथ्वी फिरते तशी, आकाशातून पाहिलं तर, प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते. रात्री नऊला एखादी जोडी पसाऱ्याचा एक तुकडा पकडते, पहाटे एकला दुसराच. ठिपका जसाच्या तसा आहे, पण तुमच्या आकड्यात पसाऱ्याची भेसळ कमीजास्त होत राहते. आलेखावर ती झकास गुळगुळीत लाट दिसते. गुळगुळीत असते म्हणूनच खरी वाटते.

खोडदहून हे जास्त जाणवतं, कारण हे लक्ष्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला २९ अंश खाली आहे. आपल्या आकाशात ते कधीच ४२ अंशांच्या वर चढत नाही, आणि अँटेनांच्या झुकण्याच्या मर्यादेत दिवसाला साडेसात तासांच्या आसपासच मिळतं. उगवताना आणि मावळताना जोड्यांच्या लांब्या झपाट्याने आखडतात.

म्हणून आखूड जोड्या सरळ वगळा. किती हजार तरंगलांबींच्या खाली वगळायचं ते तुमच्या वारंवारतेवर ठरेल. ती मर्यादा दोन-तीनदा बदलून पाहा, ठिपक्याचा आकडा जिथे हलायचा थांबतो तिथे थांबा. मग सगळ्या रात्रींना तीच मर्यादा, आणि चित्र धूसर करायचा अंडाकारही तोच. वेगवेगळ्या रात्रींची तुलना करताना घड्याळाची वेळ सारखी घेऊ नका, नक्षत्रवेळ, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाची वेळ, सारखी घ्या. नक्षत्रदिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो, म्हणून तीच भूमिती रोज चार मिनिटं आधी येते आणि महिन्याने दोन तास आधी.

याला जोडून आणखी एक. शिखराचा आकडा आणि एकूण आकडा यांत गल्लत करू नका. मधल्या वायूमुळे या ठिपक्याची प्रतिमा फिसकटते आणि ती फिसकट तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २१ सेंटिमीटरवर ती अर्ध्या आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडी वर असते, ६१० मेगाहर्ट्झवर ३ आर्कसेकंदांच्या आसपास, आणि जीएमआरटीची तिथली नजरच ५ आर्कसेकंदांची. तेव्हा या वारंवारतांवर आपलं लक्ष्य म्हणजे नेटका ठिपका नसून एक डाग आहे. ज्या रात्री वातावरणाने कला बिघडवली, त्या रात्री डाग आणखी पसरतो, शिखर खाली येतं, आणि "तेज घटलं" अशी नोंद होते. एकूण आकडा पाहिला असता तर तो तिथेच होता.

तिसरी भानगड २०१३ साली अवतरली. त्या एप्रिलमध्ये कृष्णविवराला अगदी खेटून, अडीच-तीन आर्कसेकंदांवर, एक मॅग्नेटार जागा झाला. ३.७६ सेकंदांत एक फेरी मारणारा, प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा. तो स्वतः रेडिओत तळपतो आणि बदलतोही. त्यानंतरच्या कुठल्याही नोंदीत नजर ५ आर्कसेकंदांची असेल, तर दोघांचं तेज एकाच डागात मिसळलं आहे. २०१२ चा आकडा आणि २०१४ चा आकडा शेजारी ठेवून कृष्णविवर उजळल्याचं सांगायच्या आधी हा शेजारी वजा करा.

सेल्फ-कॅलिब्रेशनने बदलच पुसून टाकणं

चित्र स्वच्छ करायला आपण लक्ष्याचंच प्रतिमान वापरून दुरुस्ती करतो. कलेपुरती ती करा. पण आकारमानाची, म्हणजे अँप्लिट्यूडची दुरुस्ती करताना आपण प्रोग्रामला सांगत असतो की वस्तू रात्रभर स्थिर आहे. तो इमानदारीने ती स्थिर करून देतो. खरा बदल होता की नव्हता हे मग कधीच कळत नाही. बदल शोधायचा असेल तर ही पायरी नको.

डिसेंबरचा सूर्य, जूनचा पाऊस

हे लक्ष्य धनू राशीत. डिसेंबरच्या मध्याला सूर्य त्याच्यापासून सहा अंशांच्याही आत असतो. तेव्हाच्या निरीक्षणांत सूर्याचा रेडिओ गोंधळ अँटेनाच्या कडेच्या नजरेतून आत शिरतो आणि सूर्याकडून वाहणारा वायू लहरींना हलवतो. अनेक वर्षांच्या आलेखात दर डिसेंबरला काही विचित्र दिसलं, तर तो वार्षिक चक्राचा शोध नाही.

जूनच्या अखेरीला ते मध्यरात्री दक्षिणेला येतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात. डोळ्यांनी पाहणाऱ्या दुर्बिणींना तेव्हा पुण्यात टाळं, पण मीटरभराच्या लहरींना ढग जवळपास पारदर्शकच असतात. नवे विद्यार्थी कधीकधी पावसाच्या रात्रीचा डेटा उगाच फेकून देतात, ते करू नका. नजर ठेवायची ती ढगांच्या फार वर, आयनोस्फिअर या वातावरणाच्या विद्युतभारित थरावर. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या उत्तरेचा दाट पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या बाजूला येतो. खोडद या दोहोंच्या मधे. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला, इथला आयनोस्फिअर बुडबुड्यांनी खवळतो आणि रेडिओ स्रोत लुकलुकू लागतात. संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीच्या आसपास शांत होणारी, काही सेकंद ते मिनिटांची थरथर दिसली, तर कॅलिब्रेटरही तसाच थरथरतोय का ते पाहा.

कापलेला पट्टा

मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट कापावाच लागतो. बँड-५ मध्ये, म्हणजे जीएमआरटीच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात, ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्झच्या आसपास दिशादर्शक उपग्रह बोलत असतात. चूक कापण्यात नाही, दर रात्री वेगळं कापण्यात आहे. समजा एका रात्री पट्ट्याचा खालचाच भाग वाचला, मध्य ११०५ मेगाहर्ट्झ, आणि दुसऱ्या रात्री वरचाच, मध्य १३७५. या वस्तूचं तेज वारंवारतेसोबत वाढतं. घातांक ०.३ धरला, तर नुसत्या या सरकण्याने ७ टक्क्यांचा फरक पडतो. सगळ्या रात्रींना समान उरलेला पट्टाच वापरा, किंवा प्रत्येक आकडा एकाच वारंवारतेवर आणून मग तुलना करा.

वेळेच्या नोंदीही इथेच आटपते. निरीक्षणाचं वेळापत्रक आणि नोंदवही भारतीय वेळेत, इतर दुर्बिणींचा डेटा जागतिक वेळेत. साडेपाच तासांचा हा घोळ दोन दुर्बिणींचे आलेख जुळवताना हमखास होतो, आणि मग नसलेला उशीर सापडतो.

वाटेतला पडदा

इथवर सगळं तपासलं, लक्ष्य एकटंच बदलतंय आणि बदल खरा आहे. तरीही तो कृष्णविवराचा असेलच असं नाही.

मे महिन्यात नाशिक रस्त्यावर मंचरच्या पुढे डांबरावरची हवा थरथरते आणि समोरच्या गाडीचे दिवे लवलवताना दिसतात. गाडीवाला दिवे उघडझाप करत नसतो. ताऱ्यांमधला आयनीभूत वायू रेडिओ लहरींशी तेच करतो. दूरच्या ब्लेझारांचं तेज काही तासांत बदलताना दिसलं, तेव्हा त्यातल्या अनेकांचं कारण हा पडदा निघाला. पीकेएस ०४०५-३८५ हा क्वासार एकाच वेळी ऑस्ट्रेलियातून आणि अमेरिकेतून पाहिला, तेव्हा एकीकडचा चढउतार दुसरीकडे दोनेक मिनिटांच्या फरकाने पोचला. वस्तू स्वतः बदलत असती, तर इतका फरक पडला नसता. पडद्याची नक्षी पृथ्वीवरून सरकत होती म्हणून तो पडला.

सॅजिटेरियस ए-स्टारसाठी हा हिशेब ज्याँ-पिएर मॅकार्ट आणि जेफ्री बॉवर यांनी २००६ साली मांडला. ७ मिलिमीटर ते २० सेंटिमीटर तरंगलांबींवर, दिवसांपासून तीन दशकांपर्यंतच्या नोंदी. तेजातला चढउतार सगळ्या लांबींवर ३० ते ३९ टक्के. चार दिवसांहून लांब चालणारे बरेचसे बदल मधल्या वायूने समजावता येतात, असं त्यांना आढळलं. ०.७ ते ३ सेंटिमीटरवर चार दिवसांच्या आत होणारा सुमारे १० टक्क्यांचा बदल मात्र वस्तूचाच वाटतो. नव्या माणसाने हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. २० सेंटिमीटरवर महिन्याभरात तेज पाव टक्क्याने नव्हे, पाव हिश्श्याने बदललं तरी ती कृष्णविवराची बातमी असेलच असं नाही.

१०६ दिवसांचं चक्र

मॅकार्ट आणि बॉवर यांच्या त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. २००१ साली झाओ, बॉवर आणि गॉस यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीच्या अनेक वर्षांच्या नोंदींत १०६ दिवसांचं चक्र दिसल्याचं प्रसिद्ध केलं होतं. २००६ च्या कामात नोंदींमधल्या अंतरांमुळे येणाऱ्या चुका नीट धरल्या आणि सारख्या अंतरांवरचा डेटा तपासला, तेव्हा ते चक्र उरलं नाही. आधी सांगितलं गेलेलं ५७ दिवसांचंही नाही. दोन्ही शोधनिबंधांत बॉवर यांचं नाव आहे. आधीचा आपलाच दावा पुन्हा तपासून बाजूला ठेवायला जी वृत्ती लागते, तिचा मला मनापासून आदर वाटतो.

चक्र खोटं का भासतं? कृष्णविवराभोवतीचा चढउतार संथ भटकंतीसारखा असतो. लांब कालावधीचे हेलकावे मोठे, छोटे हेलकावे लहान. अशा भटकंतीचा कुठलाही तुकडा कापला की त्यात दोन-तीन डोंगर आणि दोन-तीन दऱ्या असतातच, आणि डोळा त्यांना लाट म्हणतो. वर आपल्या नोंदी समान अंतरावर नसतात. निरीक्षणाचा वेळ मिळेल तसा मिळतो, डिसेंबर गळतो, उन्हाळ्यात देखभाल असते. या भोकांचाही स्वतःचा ताल असतो आणि तो आलेखात उतरतो.

म्हणून पाचपेक्षा कमी फेऱ्या दिसत असतील तर चक्र हा शब्द वापरू नका. संगणकावर तशीच भटकणारी हजार खोटी तेजवक्रं तयार करा, त्यांना तुमच्या खऱ्या नोंदींच्या तारखांवरच कापा, आणि त्यांतल्या किती वक्रांत तुमच्याइतकं उंच शिखर निघतं ते मोजा. साध्या पांढऱ्या गोंगाटाशी, म्हणजे जिथे प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उडतो अशा गोंगाटाशी, तुलना केली तर जवळपास सगळंच महत्त्वाचं दिसतं, तिथेच फसगत होते.

दुसऱ्याच्या बातमीशी आपला ठिपका जुळवणं

१३ मे २०१९ ला हवाईतल्या केक दुर्बिणीने हे कृष्णविवर अवरक्त प्रकाशात भडकताना टिपलं. दोन तासांच्या आत ते ७५ पटींनी मंदावत गेलं. त्या आठवड्यातला रेडिओ डेटा दिसला की लोक त्यात उडी शोधतात. पण भडक्याचा वायू फुगत, निवत बाहेर येतो आणि जास्त वारंवारतांवर आधी, कमी वारंवारतांवर नंतर दिसतो. ४३ गिगाहर्ट्झवरचं शिखर २२ गिगाहर्ट्झवर २० ते ४० मिनिटांनी उमटल्याचं युसुफ-झादेह आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं. फुगताना शिखर बुटकंही होत जातं. तेव्हा एक गिगाहर्ट्झवर त्याच मिनिटाला, तेवढीच मोठी उडी शोधण्यात अर्थ नाही.

उलट बाजूचं उदाहरण जी-टू नावाच्या वायूच्या ढगाचं. २०१४ साली तो कृष्णविवराच्या जवळून गेला. ते उजळेल म्हणून जगभरच्या दुर्बिणी टक लावून होत्या. रेडिओत दखल घ्यावी असं काही झालं नाही. ते तसंच लिहिलं गेलं, चुकांच्या मर्यादांसह, आणि त्या मर्यादांवरून तिथे किती वायू पडला असू शकतो याचा अंदाज बांधता आला. बदल न दिसण्याचा आकडाही याच काळजीने द्यावा लागतो. मोजलेल्या पसरटपणाचा वर्ग घ्या, त्यातून मोजमापाच्या चुकीचा वर्ग वजा करा, मग वर्गमूळ. वजाबाकी ऋण आली, तर बदल सापडलेला नाही. जीएमआरटीच्या कामात मापाची चूक साधारण ५ ते १० टक्के धरतात. ती एक टक्का लिहिलीत, तर कुठलीही वस्तू बदलती ठरेल.

त्या रविवारी दीड मिनिटं कापून, आखूड जोड्या वगळून, चारही रात्रींना एकच पट्टा लावून आम्ही पुन्हा चित्रं काढली. दुपारचे चार वाजले. तिसरा ठिपका बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला, त्यांच्यापेक्षा ४ टक्के वर, आणि मापातल्या संभाव्य चुकीची मर्यादा दाखवणारी दांडी ६ टक्क्यांची. मुलाने फाइलमधलं "फ्लेअर", म्हणजे भडका, हे नाव खोडलं, नवी ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली: "चार रात्री, बँड-५. फेज कॅलिब्रेटर स्थिर. लक्ष्यात चुकीच्या मर्यादेबाहेर बदल नाही." मग त्याने विचारलं, संग्रहात याच वर्षाच्या आणखी किती रात्री आहेत.

सात होत्या. त्या त्याने लगेच उतरवायला लावल्या.